आईच्या झोपेसाठी सीबीएनची गमी घ्यावी का? आणि सीबीजी, टीएचसीव्ही वगैरेंचं काय?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला असा समजला. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे न्यू जर्सीला आल्या आहेत. वय ७१. रात्री झोप लागत नाही, लागली तर टिकत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि हृदयाची लय बिघडते म्हणून रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रोम. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सीबीएनच्या गमी (चघळायच्या मऊ गोळ्या) सुचवल्या. तुम्ही दुकानात गेलात तर तिथे सीबीएन, सीबीजी, सीबीसी, टीएचसीव्ही, डेल्टा-८ अशी गांजाच्या झाडाशी संबंधित संयुगांची रांगच होती आणि विक्रेता म्हणाला, "सगळं हेम्पचं, नैसर्गिक, नशा होत नाही." (हेम्प म्हणजे नशेचं द्रव्य अगदी कमी असलेला गांजाचा प्रकार.) तुम्ही झोपेच्या एका गमीच्या लेबलचं वर्णनही पाठवलंय. आता यातलं कुठलं घ्यायचं, चांगला माल ओळखायचा कसा, आई परत जाताना दोन-तीन पाकिटं सोबत देता येतील का आणि भारतात यातलं काय मिळतं, हे तुम्हाला हवंय.

मी पेन्सिल्व्हेनियात वैद्यकीय गांजाच्या डिस्पेन्सरीत फार्मासिस्ट आहे. ही नावं वाचून गोंधळलेली माणसं मला रोज भेटतात, आणि त्यांत आई-वडिलांसाठी विचारणारे आपले लोक भरपूर असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निर्णय आधी सांगते. ॲसिट्रोम चालू असताना आईंना यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. पुण्याला नेणं तर पूर्णपणे विसरा. बाकीचं उत्तर या दोन वाक्यांमागची कारणं आहेत. तुम्ही स्वतःसाठी असं काही घ्यायचं ठरवलंत तर कसं निवडायचं, तेही त्यातच येईल.

दुकानातला फळा पाहून माणूस विचारतो, "यातलं कुठलं कंपाउंड चांगलं?" मी उलट विचारते: कुणासाठी, कशासाठी, आणि सोबत कुठल्या गोळ्या चालू आहेत? या तिन्हींची उत्तरं मिळाली की फळ्यावरची निम्मी नावं आपोआप गळतात. उरलेल्यांसाठी पाकिटाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू कामाची असते.

हे सगळे पदार्थ येतात कुठून ते समजून घेऊ, कारण किंमत आणि फसवणूक दोन्हींचं मूळ तिथे आहे. गांजाच्या फुलोऱ्यावर चिकट, बारीक केसांसारख्या ग्रंथी असतात. त्यांत आधी सीबीजीए नावाचं एक आम्ल तयार होतं. कणीक एकच आणि तिच्यातून पोळी, पुरी, पराठा निघावा, तसं या सीबीजीएपासून वेगवेगळी एन्झाइम्स टीएचसीए, सीबीडीए आणि सीबीसीए बनवतात. उष्णता लागली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतात ते टीएचसी (नशा आणणारं मुख्य द्रव्य), सीबीडी (नशा न आणणारं) आणि सीबीसी. फूल पिकेपर्यंत सीबीजीए जवळजवळ सगळं वापरलं गेलेलं असतं, म्हणून नेहमीच्या पक्व फुलात सीबीजी साधारण एक टक्क्याच्याही आत राहतं. टीएचसीव्हीची रासायनिक शेपटी आखूड, पाचऐवजी तीन कार्बनची. ते आफ्रिकेकडच्या काही वाणांत जास्त सापडतं, डर्बन पॉयझन हे त्यांतलं प्रसिद्ध नाव. आणि सीबीएन ताज्या झाडात जवळपास नसतंच. टीएचसीला हवा आणि उजेड लागत गेला, दिवस गेले, की त्याचं सीबीएन होतं.

या सीबीएनचा आपल्याकडे एक जुना धागा आहे. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफिल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी ज्या पदार्थावर काम करून 'कॅनाबिनॉल' वेगळं काढलं, तो होता भारतातला चरस. टीएचसीची ओळख पटायला त्यानंतर १९६४ उजाडलं. इस्राएलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गावनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि त्याच काळात सीबीजीही. म्हणजे आज 'नवीन' म्हणून विकली जाणारी ही संयुगं शास्त्रज्ञांना कितीतरी दशकं माहीत आहेत. नवीन आहे तो बाजार. अमेरिकेत डिसेंबर २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने जास्तीत जास्त ०.३ टक्के डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे नेहमीचं टीएचसी) असलेलं हेम्प मोकळं केलं. लोकांनी प्रचंड सीबीडी पिकवलं, भाव कोसळले, आणि मग त्याच सीबीडीचं काय काय करता येईल याचा शोध सुरू झाला.

आता एकेकाबद्दल, माणसांवरच्या अभ्यासांत काय दिसलंय ते पाहू.

सीबीएनचा दावा झोपेचा. 'जुन्या गांजाने गुंगी येते, जुन्या गांजात सीबीएन असतं, म्हणजे सीबीएनने झोप येते' असा हा तर्क आहे. १९७५ मध्ये पाच पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला होता. नुसत्या सीबीएनने त्यांना गुंगी आली नाही. टीएचसीसोबत दिल्यावर मात्र नुसत्या टीएचसीपेक्षा जास्त आली. पुढे कित्येक वर्षं याच्या आधारावर जाहिराती चालल्या. २०२३ मध्ये जरा बरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झोप वाईट असल्याचं सांगणाऱ्या लोकांना सात रात्री २० मिलिग्रॅम सीबीएन दिलं. मध्ये जाग येण्याचं प्रमाण थोडं कमी झालं, पण झोप लागायला लागणारा वेळ बदलला नाही आणि झोपेच्या एकूण दर्जात ठाम फरक दाखवता आला नाही. सोबत सीबीडी घातल्यानेही जास्तीचा फायदा झाला नाही. सहभागी लोक तरुण आणि मध्यमवयीन होते. सत्तरीतली, रक्त पातळ करणारी गोळी घेणारी माणसं त्यांत नव्हती. माझ्याकडे "सीबीएनने काय छान झोप लागते!" असं सांगणाऱ्यांना मी पाकीट आणायला सांगते, तेव्हा बहुतेक वेळा त्यात सीबीएनच्या शेजारी पाच-दहा मिलिग्रॅम टीएचसी लिहिलेलं असतं. झोप खरी असते, श्रेय भलत्यालाच जातं. म्हणून सीबीएन निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्या निरोगी प्रौढाला वारंवार जाग येत असेल, दुसरं औषध चालू नसेल, तर २० मिलिग्रॅमच्या आसपास, टीएचसीशिवाय, दोन आठवडे करून पाहणं मला वाजवी वाटतं. त्याहून मोठं आश्वासन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

सीबीजी दिवसा घ्यायचं, 'डोकं शांत पण जागं' ठेवणारं म्हणून विकतात. २०२४ मध्ये ३४ निरोगी प्रौढांवरचा एक अभ्यास आला, सगळे आधीपासून गांजा वापरणारे. २० मिलिग्रॅम सीबीजीनंतर त्यांना चिंता आणि ताण कमी वाटला, नशा जाणवली नाही. अभ्यास चांगल्या पद्धतीचा होता, पण परिणाम पाहिला तो एकेका डोसचा. महिनोन्महिने घेतल्यावर काय होतं, हे त्यातून कळत नाही. फार्मासिस्ट म्हणून माझं लक्ष आणखी एका गोष्टीकडे जातं. प्रयोगशाळेत सीबीजी शरीरातल्या अल्फा-२ नावाच्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर) काम करताना दिसलं आहे, आणि क्लोनिडिनसारखी रक्तदाब उतरवणारी औषधं नेमकी तिथेच काम करतात. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने सीबीजी सुरू केलं तर पहिले काही दिवस घरच्या यंत्रावर दाब मोजावा, असं मी आवर्जून सांगते.

टीएचसीव्ही 'डाएट गमी' म्हणून खपतं. २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ६२ रुग्णांवर १३ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज दोनदा ५ मिलिग्रॅम टीएचसीव्ही घेणाऱ्या गटाची उपाशीपोटीची साखर उतरली. वजन मात्र उतरलं नाही, आणि जाहिरात असते ती वजनाची! आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे, म्हणून हे ठळक सांगते: साखरेच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना न सांगता यात पडू नका. कमी डोसला टीएचसीव्ही टीएचसीच्या विरुद्ध वागतं, जास्त डोसला थोडं टीएचसीसारखं वागू शकतं, हेही लक्षात असू द्या.

सीबीसी, सीबीडीव्ही, सीबीडीए यांच्यावर आज पैसे घालावेत असं मला वाटत नाही. सीबीडीव्हीची अपस्मारासाठी रीतसर चाचणी झाली आणि ती अपयशी ठरली. सीबीडीए आणि सीबीजीए या आम्लांचा गाजावाजा झाला तो २०२२ च्या सुरुवातीला, ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या कोविडवरच्या कामामुळे. पण ते काम पेशींवरचं, काचेच्या भांड्यातलं होतं. तरी लोक ते मागायला आमच्या काउंटरवर आले होते.

उरली ती डेल्टा-८, एचएचसी, टीएचसीपी ही मंडळी. यांना वरच्या नावांच्या ओळीत बसवणं हीच मोठी चूक आहे. ही नशा आणणारी संयुगं आहेत. झाडात ती असली तर लेशमात्र असतात. बाजारातला माल जवळजवळ सगळा कारखान्यात बनतो. डेल्टा-८ सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून बनवतात. ही प्रक्रिया अर्धवट राहिली किंवा माल नीट शुद्ध केला नाही, तर कुणीच न तपासलेली उपउत्पादनं त्यात राहतात. टीएचसीपी २०१९ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांना सापडलं. प्रयोगशाळेत ते मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरला टीएचसीच्या कितीतरी पट, साधारण ३३ पट, घट्ट चिकटतं. एचएचसी मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणलं. घरातल्या वृद्ध माणसाला यातलं काहीही देऊ नये. याबाबत माझ्या मनात जराही 'पण' नाही.

विक्रेत्याच्या "हेम्पचं आहे, नशा होत नाही" या वाक्याकडे वळते. ०.३ टक्के हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो. गणित करून पाहा. चार ग्रॅमची एक गमी, तिचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम टीएचसी. डिस्पेन्सरीत आम्ही नवख्या माणसाला अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतो. हेम्पच्या व्याख्येत चोख बसणारी एक गमी तुमच्या आईंना रात्री दोन वाजता बाथरूमच्या वाटेवर पाडू शकते. उतारवयात टीएचसीने उभं राहताना दाब उतरतो, तोल जातो, गोंधळ उडतो. आणि रक्त पातळ असताना डोक्याला लागलेला मार हे सगळ्यांत वाईट. ही पळवाट आता बंद होते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कायदा बदलला. एक वर्षाच्या मुदतीनंतर सगळ्या प्रकारचं टीएचसी मिळून एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा त्यात आहे, आणि झाडाबाहेर रसायनं वापरून बनवलेली संयुगं हेम्पच्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणून जुना माल स्वस्तात काढून टाकण्याचे सेल दिसले तर भुलू नका.

आता माल ओळखायचा कसा ते सांगते. २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. लेबलवर लिहिल्याइतकं सीबीडी जेमतेम ३१ टक्के उत्पादनांत होतं आणि १८ उत्पादनांत टीएचसी निघालं. सीबीएन, सीबीजी अशा झाडात थोडीच असणाऱ्या संयुगांचं (मायनर कॅनाबिनॉइड्सचं) शुद्ध द्रव्य महाग असतं, तेव्हा काटकसरीचा मोह तिथे जास्तच. म्हणून प्रत्येक बॅचचा लॅब रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी एकही पाकीट हातात घेत नाही.

रिपोर्ट पाहताना मी सगळ्यांत आधी बॅच नंबर जुळवते. पाकिटावरचा आणि रिपोर्टवरचा वेगळा असेल तर तो रिपोर्ट तुमच्या पाकिटाचा नाही, विषय संपला. मग लॅबचं नाव आणि आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचा आंतरराष्ट्रीय दर्जा) मान्यता आहे का ते पाहायचं. क्यूआर कोड कंपनीच्या पानावर नेत असेल तर तोच रिपोर्ट लॅबच्या स्वतःच्या साइटवर मिळतो का तेही तपासा. फाइलमधला आकडा बदलणं अवघड नसतं. तपासलेला नमुना तयार गमीचा आहे की फक्त कच्च्या अर्काचा, हे नमुन्याच्या वर्णनात लिहिलेलं असतं. कित्येक कंपन्या अर्क तपासतात आणि गमीत तो किती पडला हे तपासतच नाहीत.

त्यानंतर आकडे. टक्क्यांनी घाबरू नका. एक टक्का म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम. 'एनडी' म्हणजे तपासलं आणि सापडलं नाही. एखाद्या संयुगाची ओळच नसेल तर ते तपासलेलंच नाही. ते शून्य आहे असं धरू नका. सीबीएनच्या उत्पादनात डेल्टा-९ आणि डेल्टा-८ या दोन्ही ओळी मी न चुकता पाहते, कारण सीबीएन टीएचसीपासून बनतं आणि थोडं मूळ द्रव्य मागे राहू शकतं. पुढच्या पानांवर शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, कीटकनाशकं, उरलेले सॉल्व्हंट आणि बुरशी यांचे निकाल हवेत. हेम्पचं झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं, दूषित जमीन साफ करायलाही ते लावतात, म्हणून ते पान गायब असेल तर मी तो माल घेत नाही.

लेबलवरची मोठी संख्या हा आणखी एक सापळा. 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट १००० मिलिग्रॅम' म्हणजे अर्काचं वजन. त्यात सीबीजी किती, ते वेगळं लिहिलेलं असायला हवं. समजा ३० मिलिलिटरच्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम सीबीडी आणि ३०० मिलिग्रॅम सीबीजी आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० आणि १०. अभ्यासातला २० मिलिग्रॅम सीबीजीचा डोस गाठायचा तर दोन मिलिलिटर घ्यावं लागेल आणि त्याबरोबर १०० मिलिग्रॅम सीबीडी पोटात जाईल. बाटली १५ दिवसांत संपेल. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'सीबीजी' असलं तरी तुम्ही मुख्यतः सीबीडीच घेताय, हे या गणितातून दिसतं.

'फुल स्पेक्ट्रम' म्हणजे थोडं टीएचसी धरून सगळं, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे टीएचसी काढलेलं, 'आयसोलेट' म्हणजे एकच शुद्ध संयुग. सगळी मिळून घेतली की परिणाम वाढतो, या कल्पनेला 'आंतुराज इफेक्ट' म्हणतात. माणसांवरचा तिचा पुरावा अजून कच्चा आहे. नवख्या माणसाला मी बहुधा आयसोलेट किंवा मोजकीच दोन संयुगं असलेलं उत्पादन सुचवते. काही त्रास झालाच तर कशाने झाला ते कळतं. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि ती रोज एकाच पद्धतीने. पद्धतीचं महत्त्व याच्यासाठी की सीबीडी तेलकट, भरपेट जेवणासोबत घेतलं तर रक्तात उपाशीपोटी घेतल्याच्या चार-पाच पट जाऊ शकतं. एक दिवस रिकाम्या पोटी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी-तुपावर घेतलं, तर तो एकच डोस राहत नाही. वेपची (तेलाची वाफ ओढायची) उपकरणं मी कुणालाच सुचवत नाही. २०१९ च्या वेपमुळे झालेल्या फुप्फुसविकाराच्या साथीत अमेरिकेत २८०० च्या वर माणसं रुग्णालयात गेली आणि ६८ दगावली. त्यामागचा मुख्य संशयित होता वेपच्या तेलात भेसळ केलेला व्हिटॅमिन ई ॲसिटेट.

इथवरचं एकत्र सांगायचं तर निरोगी माणसाने स्वतःसाठी घ्यायचं असेल तेव्हा: परवानाधारक ठिकाणाहून, बॅच जुळणाऱ्या पूर्ण रिपोर्टसह, एका डोसमध्ये किती मिलिग्रॅम हे स्पष्ट लिहिलेलं, टीएचसी किती हे माहीत असलेलं, आणि कारखान्यात बनवलेली नशेची संयुगं नसलेलं. तुमच्या आई मात्र या वर्णनात बसत नाहीत.

ॲसिट्रोम, म्हणजे ॲसेनोकुमॅरॉल, वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचं भावंड. यकृतातलं सीवायपी २सी९ नावाचं एन्झाइम ते मोडून बाहेर काढतं. सीबीडी या एन्झाइमचं काम मंदावतं. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांत सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. एका रुग्णाचा वॉरफरिनचा डोस जवळपास ३० टक्क्यांनी कमी करावा लागला होता. तुम्ही म्हणाल, मी तर सीबीएन देणार आहे. पण झोपेच्या बहुतेक गमींत सीबीएनसोबत सीबीडी असतंच. तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या वर्णनातही प्रत्येक गमीत २५ मिलिग्रॅम सीबीडी आहे. आयएनआर चढला की बाहेरून काही दिसत नाही; दिसतं ते थेट रक्तस्रावाच्या रूपाने. हा धोका झोपेसाठी पत्करण्यासारखा नाही. त्यांच्या पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी संमती दिली आणि दर आठवड्याला आयएनआर तपासण्याची सोय असली तरच माझं उत्तर बदलेल. प्रवासी विम्यावर इथे ती सोय महाग पडते.

दुसरी गोष्ट औषधाची नाही, पण मी ती प्रत्येक व्हिसाधारकाला सांगते. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर असला तरी इमिग्रेशन केंद्रीय कायद्याने चालतं. गांजा वापरल्याची अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुढच्या प्रवेशाला, ग्रीन कार्डाला, नागरिकत्वाला अडचण आणू शकते. राज्यात कायदेशीर असल्याने सुटका होत नाही, हे २०१९ मध्ये नागरिकत्वाबाबतच्या धोरणात स्पष्ट लिहिलं गेलं. आई व्हिजिटर व्हिसावर आहेत, तुम्हीही बहुधा एच-१ वर असाल. हेम्पचं समजून घेतलेल्या उत्पादनात जास्त टीएचसी निघालं तर नोकरीच्या लघवी तपासणीतही ते दिसतं, आणि काही प्राथमिक तपासण्यांत सीबीएनदेखील गांजा म्हणून दिसू शकतं.

आता पुण्याला नेण्याबद्दल. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. चरस, गांजा आणि त्यांचं कुठल्याही प्रकारचं मिश्रण त्यात येतं, आणि टीएचसीची डेल्टा-८ सकट सगळी भावंडं मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहेत. गमीत टीएचसी किती, हा वाद विमानतळावर घालायची वेळ तुमच्या आईंवर येऊ देऊ नका. त्यात विमान दुबई, अबुधाबी किंवा सिंगापूरमार्गे जाणार असेल तर तिथले कायदेही मध्ये येतात आणि ते फार कडक आहेत. कुरियरने पाठवणं हाही मार्ग नाही.

भारतात यातलं काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. तिथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. हेम्पच्या बियांचं तेल २०२१ पासून खाद्यपदार्थ म्हणून मान्य आहे. ते चांगलं तेल आहे, पण बियांत ही संयुगं जवळजवळ नसतात. झोपेसाठी 'हेम्प ऑइल' म्हणून ते घेणं म्हणजे महागडं स्वयंपाकाचं तेल पिणं. दुसरी गोष्ट म्हणजे 'विजया' नावाने आयुष परवान्याखाली मिळणारे अर्क. ते आयुर्वेदिक वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचे असतात. औषधविषयक नियमांत भांग ज्या यादीत आहे, त्या यादीतल्या घटकांच्या औषधांवर तशी सूचना छापावी लागते. त्यांत बहुधा टीएचसी असतं आणि सीबीएन-सीबीजीचे आकडे लेबलवर क्वचितच दिसतात. वैद्यांकडे जाल तर बॅचचा रिपोर्ट मागा आणि ॲसिट्रोमचं पाकीट सोबत न्या. यकृतातल्या एन्झाइमला अर्क अमेरिकेचा की आयुर्वेदाचा हे कळत नाही.

आणि आता झोप, कारण मूळ त्रास तोच आहे. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर आहे. इथे आलेले आई-वडील दिवसभर घरात, पडदे ओढलेले, दुपारी दोन तास झोप, संध्याकाळी सहाला चहा, रात्री भारतातल्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल. शरीराला दिवस कुठला ते कळतच नाही. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास त्यांना बाहेर उजेडात चालायला न्या, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चहा चारच्या आत, भारतातले फोन सकाळी. दोन आठवडे हे नेटाने करा. रात्री लघवीसाठी जाग येत असेल तर रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते पाहा. ते संध्याकाळी घेतलं जात असेल तर सकाळी घेता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना फोनवर विचारता येतं. घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. हृदयाची लय बिघडणाऱ्यांत हा त्रास बराच आढळतो. गमीऐवजी फार्मसीतली 'पीएम' लिहिलेली गोळीही आणू नका. त्यातल्या डायफेनहायड्रामिनने वृद्धांना गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो. मेलाटोनिनही रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत विचारूनच.

आईंच्या सगळ्या गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम आणि घेण्याच्या वेळा एका कागदावर लिहून काढा. हळद किंवा अश्वगंधाच्या कॅप्सूल, काढे असं काही चालू असेल तर तेही लिहा, कारण ही नावं लोक 'औषध' म्हणून सांगतच नाहीत. शेवटचा आयएनआर कधी आणि किती आला होता तेही टिपून ठेवा. ती यादी त्यांच्या डॉक्टरांना पाठवा आणि इथे लिहिलीत तर मीही नजर टाकीन.